डासांच्या अळ्यांवर सुगंधी तेल: पाण्यात ओतण्याआधी, ओतताना आणि ओतल्यावर

"बादलीत दहा थेंब टाकले, वास छान सुटला, तरी सकाळी अळ्या तशाच वळवळत होत्या." ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की एकदा सगळं क्रमाने लिहून काढायचं ठरवलं. तेल बहुतेक वेळा चांगलंच असतं. चुकतं ते तीन ठिकाणी: तेल पाण्यात मिसळलेलं नसतं, पाणी किती आहे ते मोजलेलं नसतं, आणि अळ्या मेल्या की नाही हे कुणी नीट बघितलेलं नसतं.

पहिल्यांदा मीही हेच केलं होतं. गवती चहाचं तेल साचलेल्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडलं आणि रात्री टॉर्च घेऊन पाहिलं. तेलाचे गोल चकत्यांसारखे डाग पाण्यावर तरंगत होते. अळ्या त्या डागांच्या मधल्या मोकळ्या जागेत वर येत, शेपटीकडची नळी पाण्याच्या पातळीला टेकवत, श्वास घेऊन पुन्हा खाली जात. घरभर गवती चहाचा वास होता आणि अळ्यांना त्याचा काही पत्ता नव्हता. वास आपल्या नाकाला येतो, अळी पाण्यात राहते. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत.

टप्पा १: या पाण्यात तेल घालायचं की नाही, हे आधी ठरवा

जे पाणी ओतून टाकता येतं, ते ओतून टाका. कुंडीखालची ताटली, उघडी बादली, छतावर पडलेलं झाकण, फुलदाणी यांच्यासाठी तेल वापरणं म्हणजे पैसा आणि मेहनत दोन्ही वाया. तेल राखून ठेवायचं ते अशा पाण्यासाठी जे हलवता येत नाही आणि जे कुणी पीत नाही. उदाहरणार्थ झाडाच्या ढोलीत साचलेलं पाणी, कापलेल्या बांबूचे पोकळ बुंधे, उचलता न येणारा मोठा टायर, बांधकामावरचे लहान खड्डे, वाहत नसलेला गटाराचा कोपरा.

या ठिकाणी तेल अजिबात घालू नका:

- पिण्याचं, स्वयंपाकाचं, आंघोळीचं पाणी, आणि गुरं, कुत्री, मांजरं, पक्षी पितात ते पाणी.
- मासे, बेडूक, चतुराच्या अळ्या असलेलं तळं किंवा टाकी. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल मत्स्यपालनात माशांना भूल द्यायला वापरतात आणि त्याची मात्रा साधारण लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आतच असते. अळीला मारायला लागणारी मात्रा याच्याच आसपासची किंवा जास्त असते. म्हणजे अळ्या मरायच्या आधी मासे उलटे होतील. शिवाय चतुराच्या अळ्या आणि काही मासे डासांच्या अळ्या खातातच. त्यांना मारलं तर पुढचे डास वाढवले.
- कूलरची टाकी. पंखा तेलाची वाफ थेट खोलीत फेकतो.
- विहीर, मोठं तळं, शौचालयाची टाकी. इथे पाणी किंवा घाण इतकी असते की तेलाची मात्रा कधीच पुरत नाही. शौचालयाच्या टाकीला हवेच्या पाइपवर बारीक जाळी आणि झाकणाच्या फटी बुजवणं हाच उपाय.

*तपासणी:* पाणी मोजल्यावर ५० लिटरच्या वर निघालं, तर तेलाचा विचार सोडून बीटीआयकडे वळा. बीटीआय म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू, जो १९७६ साली सापडला. त्याच्या गोळ्या किंवा दाणे पाण्यात टाकतात. अळी ते खाते आणि तिचं आतडं फाटतं, पण मासे आणि माणसं यांना त्याचा त्रास होत नाही. सुगंधी तेल हे लहान, बंदिस्त पाण्याचं काम आहे.

टप्पा २: पाण्यात कोण आहे ते ओळखा

पांढरी पळी किंवा पांढरी वाटी घ्या. पाण्यावर तुमची सावली पडली की अळ्या खाली पळतात, म्हणून प्रकाश आणि पाणी यांच्या मधे उभे राहू नका आणि पाण्याजवळ गेल्यावर मिनिटभर स्तब्ध थांबा. मग पळी तिरकी करून कडेने अलगद बुडवा. अळ्या कडेला, सावलीत आणि पाल्याखाली जास्त असतात.

अळी अंड्यातून निघाल्यावर कात टाकत चार अवस्थांतून वाढते, मग कोष होते, आणि कोषातून डास बाहेर पडतो. उष्ण हवेत अंड्यापासून डासापर्यंत साधारण ७ ते १० दिवस लागतात. तेलासाठी महत्त्वाचा भेद एकच आहे: अळी आणि कोष.

अळी लांबट असते, नागमोडी वळवळते आणि सतत खात असते. कोष स्वल्पविरामासारखा वाकडा असतो, डोक्याकडे दोन बारीक शिंगांसारख्या नळ्या असतात, आणि डिवचला तर कोलांट्या खात खाली जातो. कोष काहीच खात नाही, त्याचं कवच टणक असतं आणि त्याला तेलाचा फारसा फरक पडत नाही. बीटीआयही त्याच्यावर चालत नाही, कारण ते खावं लागतं. पळीत कोष दिसले तर एक ते तीन दिवसांत डास उडणार हे नक्की. ते पळीने काढून कोरड्या मातीवर उन्हात टाका. तेलाची वाट बघू नका.

अळी पाण्याच्या पातळीला कशी लटकते त्यावरून डासाची जातही कळते. क्युलेक्सची अळी लांब नळीने डोकं खाली करून तिरकी लटकते. एडिसची नळी आखूड असते. ॲनोफिलीसला नळी नसतेच, ती पातळीला समांतर आडवी पडून राहते. तेलाच्या कामात जातीचा फरक मात्रेपुरता आहे: क्युलेक्स घाण पाण्यात असतो आणि घाण पाण्यात तेल कमी पडतं.

*सावधान:* पाण्याच्या तळाशी गाळात लाल रंगाच्या लांब अळ्या दिसल्या तर त्या डासाच्या नाहीत. त्या न चावणाऱ्या चिलटांच्या आहेत आणि रक्तातल्यासारख्या हिमोग्लोबिनमुळे लाल दिसतात. त्यांच्यासाठी काही करायची गरज नाही.

टप्पा ३: तेल निवडा, पण नाकाने नाही

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. डासांना पळवून लावणारं तेल आणि अळी मारणारं तेल एकच असेल असं नाही. सिट्रोनेला अंगाला लावायला प्रसिद्ध आहे, अळीवर त्याचं काम मध्यम आहे. निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक सिनिओल अळीवर बऱ्यापैकी दुबळा ठरतो, तरी वास उग्र म्हणून लोक आधी तेच उचलतात.

अळीवर जोमाने काम करणारे घटक बहुधा असे: ओवा आणि थाईम यांच्या तेलातला थायमॉल, लवंगेतला युजेनॉल, दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातला सिट्रल. या तेलांची निम्म्या अळ्या मारणारी मात्रा प्रयोगशाळेत लिटरला वीस-तीस मिलिग्रॅमपासून शंभराच्या आसपासपर्यंत येते. डासाची जात, अळीचं वय आणि तेल कुठल्या झाडाचं, यांवर आकडा बराच हलतो, म्हणून कुणीही सांगितलेला एकच आकडा डोळे मिटून घेऊ नका. तो तुमच्या पाण्यात तुम्हीच काढायचा आहे (टप्पा ६).

बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव असलं पाहिजे. "सुवासिक तेल" एवढंच लिहिलेलं असेल तर ते अत्तराचं किंवा दिव्यात जाळायचं मिश्रण असू शकतं.

*तपासणी:* पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. शुद्ध सुगंधी तेल उडून जातं, फार तर फिकट रंग राहतो. सकाळी पारदर्शक, तेलकट डाग दिसला तर त्यात खाद्यतेलासारखं न उडणारं तेल मिसळलेलं आहे. तुमचं सगळं गणित त्याने बिघडेल.

कडुनिंबाच्या तेलाबद्दल एक शब्द. ते वाफेने काढलेलं सुगंधी तेल नाही, बी दाबून काढलेलं आहे. त्यातलं ॲझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं, त्यामुळे परिणाम दिसायला काही दिवस लागतात. ते वापरायचं असेल तर २४ तासांची तपासणी लावू नका. अळ्या कोषापर्यंत पोहोचतात का आणि कोषातून डास निघतो का, हे आठवडाभर बघा.

*सावधान:* झाडाचा पाला, साली, बियांचा चोथा पाण्यात टाकू नका. "गवती चहाच्या पानांतही तेच तेल आहे" हे खरं, पण पानं पाण्यात कुजतात, कुजलेल्या पाण्यात सूक्ष्मजीव वाढतात आणि अळ्या तेच खातात. कुजक्या गवताच्या पाण्याचा वास अंडी घालायला आलेल्या मादीला आवडतो. डास पकडण्याच्या सापळ्यांत असं पाणी मुद्दाम वापरतात. म्हणजे तुम्ही औषध नव्हे, आमिष टाकलंत.

टप्पा ४: पाणी मोजा आणि जागा साफ करा

मात्रा नेहमी लिटरवर असते, भांड्यावर नाही. आयताकृती भांड्याची लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, १००० ने भागा. ४० × २५ × ३ म्हणजे ३००० घन सेंटिमीटर, म्हणजे ३ लिटर.

गोल भांड्यासाठी त्रिज्या × त्रिज्या × ३.१४ × पाण्याची खोली, भागिले १०००. पिंपाचा व्यास ५६ सेंटिमीटर आणि पाणी ४० सेंटिमीटर असेल तर २८ × २८ × ३.१४ × ४० म्हणजे सुमारे ९८ लिटर. लिटरला १०० मिलिग्रॅम धरलं तरी एकाच वेळी सुमारे १० मिलिलिटर तेल लागेल. म्हणजे एक लहान बाटली एका पिंपात, आणि हे काही दिवसांनी पुन्हा. ५० लिटरची मर्यादा मी का घालतो ते इथे दिसेल. पिंपाला झाकण किंवा घट्ट बांधलेलं कापड हवं, तेल नव्हे.

ढोलीसारख्या वेड्यावाकड्या जागेत मोजपट्टी चालत नाही. नळी आणि मापाच्या भांड्याने पाणी उपसून मोजता येतं. पण पाणी उपसता येत असेल तर ते परत भरायचं कशाला? ढोलीच्या तळाशी राहणारं थोडं पाणी तेवढं उरेल, त्याचाच हिशेब करा.

मग साफसफाई. वरचा पाला, काड्या, फेस काढा. तेल या गाळाला आणि पाल्याला चिकटतं आणि अळीपर्यंत पोहोचत नाही. भांड्याची आतली भिंत पाण्याच्या पातळीच्या वर चार बोटं घासून काढा. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पातळीच्या जरा वर ओलसर भिंतीला एकेक चिकटवते. ती अंडी काळी, वाळूच्या कणाएवढी असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जिवंत राहतात. पाऊस पडून पाणी चढलं की फुटतात. पाण्यातलं तेल त्यांच्यापर्यंत जातच नाही. "तेल घातलं, अळ्या मेल्या, पंधरा दिवसांनी पुन्हा कशा आल्या?" याचं उत्तर बऱ्याचदा या न घासलेल्या भिंतीवर असतं.

टप्पा ५: मूळ मिश्रण तयार करा

सगळ्या लेखातून एकच टप्पा नीट करणार असाल तर हा करा.

लागणारं साहित्य: १ मिलिलिटर सुगंधी तेल, १ मिलिलिटर पॉलिसॉर्बेट ८० (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा दाट द्रव; नसेल तर भांडी घासायचा द्रव साबण), साधं पाणी, १ आणि १० मिलिलिटरच्या सिरिंज, झाकणाची काचेची बाटली, हातमोजे.

१. काचेच्या कोरड्या बाटलीत आधी तेल घ्या. थेंब मोजू नका. एका मिलिलिटरमध्ये थेंब २० ही भरतात आणि ३५ ही, तेल किती पातळ आहे आणि तोंड किती अरुंद आहे त्यावर. सिरिंज वापरा आणि लगेच धुवा, काही तेलांनी तिचं रबर फुगतं.

२. त्यात पॉलिसॉर्बेट किंवा साबण घाला. *अजून पाणी नाही.* दोन्ही एकजीव होईपर्यंत काचेच्या कांडीने ढवळा.

३. आता पाणी, पण थेंबाथेंबाने. पहिले ५ मिलिलिटर घालताना सतत हलवत राहा. मिश्रण दाट होईल, मग दुधासारखं पांढरट होईल. पॉलिसॉर्बेटने कधी जवळजवळ पारदर्शकही राहतं, तेही ठीक.

४. उरलेलं पाणी घालून एकूण १०० मिलिलिटर करा. झाकण लावून जोरात हलवा.

या मिश्रणाच्या दर मिलिलिटरमध्ये अंदाजे १० मिलिग्रॅम तेल आहे. (बहुतेक सुगंधी तेलं पाण्यापेक्षा किंचित हलकी, लवंग आणि दालचिनीची किंचित जड. घरच्या कामात हा फरक सोडून द्यायला हरकत नाही.) आता हिशेब सोपा आहे: एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर मिश्रण म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम, १० मिलिलिटर म्हणजे १००, २० मिलिलिटर म्हणजे २००.

*तपासणी:* बाटली दहा मिनिटं न हलवता ठेवा. वर तेलाचं कडं दिसलं तर मिश्रण फाटलंय. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असल्याने ते वर नाही, तळाशी टिपक्यांसारखं दिसेल, म्हणून बाटली उचलून खालूनही बघा. फाटलं असेल तर अर्धा मिलिलिटर साबण वाढवून नव्याने करा. फाटलेलं मिश्रण हलवून वापरायची घाई नको, पाण्यात गेल्यावर ते पुन्हा वेगळं होणारच.

*सावधान:* क्रम उलटा, म्हणजे आधी पाणी, मग साबण, मग तेल, असा केला की हे मिश्रण जमत नाही. दहापैकी आठ जणांचं इथेच बिनसतं असा माझा अनुभव आहे.

*सावधान:* लवंग, दालचिनी आणि ओव्याचं तेल निव्वळ अंगावर पडलं तर भाजल्यासारखं होतं. डोळ्यांना हात लावू नका. निलगिरी आणि कापराचं तेल लहान मुलाच्या पोटात काही मिलिलिटर गेलं तरी झटके येऊ शकतात. मुलाने तेल प्यायलं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. मांजरांचं यकृत फिनॉल जातीचे पदार्थ नीट निकामी करू शकत नाही, म्हणून मांजर असलेल्या घरात ओवा, लवंग, थाईम यांची मिश्रणं उघडी ठेवू नका. पाय बुडवून तिने ते चाटलं तरी पुरे.

टप्पा ६: बरणीत चाचणी

हा टप्पा लोक गाळतात, आणि मग "तेल चालतं का" हा वाद वर्षानुवर्षं चालू राहतो. एक दिवस आणि पाच बरण्या एवढंच लागतं.

पाच काचेच्या बरण्या घ्या. प्रत्येकीत एक लिटर पाणी, आणि ते *ज्या जागेत तेल घालायचं आहे तिथलंच*, कापडातून गाळलेलं. नळाच्या स्वच्छ पाण्यात जी मात्रा पुरते ती गढूळ पाण्यात पुरत नाही. प्रत्येक बरणीत २० मोठ्या अळ्या सोडा, साधारण पाच-सहा मिलिमीटर लांबीच्या. कोष एकही नको. लहान अळ्या सहज मरतात आणि खोटा विश्वास देतात.

बरणी क: काहीच नाही.
बरणी ख: तेलाशिवाय, फक्त साबण-पाण्याचं मिश्रण, २० मिलिलिटर.
बरणी ग: तेलाचं मिश्रण ५ मिलिलिटर.
बरणी घ: १० मिलिलिटर.
बरणी च: २० मिलिलिटर.

ख कशाला? साबण पाण्याच्या वरच्या पापुद्र्याचा ताण मोडतो आणि जास्त झाला तर अळीला पातळीला लटकता येत नाही, ती बुडते. ख मध्येही अळ्या मेल्या तर तुमचं तेल नव्हे, तुमचा साबण काम करतोय. साबण कमी करून पुन्हा करा.

बरण्यांची तोंडं पातळ कापडाने बांधा. सावलीत ठेवा. नेमक्या २४ तासांनी मोजा.

मोजायची पद्धत अशी. तळाशी निपचित पडलेली अळी मेलीच असं समजू नका. बारीक काडीचं टोक तिच्या शेपटीकडच्या नळीला आणि मानेजवळ हळूच लावा. जिवंत अळी झटकन वळते. काडी लावल्यावर जागच्या जागी थरथरते पण वर येऊन श्वास घेऊ शकत नाही, तीही मेल्यातच धरतात, कारण ती वाचत नाही. पण पहिल्या तासा-दोन तासांत गुंगी येऊन पडलेल्या अळ्या काही वेळा पुन्हा उठतात. म्हणून दोन तासांनी बघून आनंद मानू नका. मला या गोष्टीने एकदा फसवलं होतं: संध्याकाळी बरणीच्या तळाशी सगळ्या पडलेल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातल्या निम्म्या वर येऊन लटकलेल्या. मात्रा कमी पडली होती, तेल उडून गेलं आणि त्या सावरल्या.

आता आकडे. क बरणीत २० पैकी ४ पेक्षा जास्त मेल्या असतील, म्हणजे २० टक्क्यांच्या वर, तर चाचणीच रद्द. अळ्या आधीच दुबळ्या होत्या, किंवा पकडताना इजा झाली, किंवा बरणीला आधीचं तेल लागलेलं होतं. क मध्ये ५ ते २० टक्के मेल्या तर ॲबटचं १९२५ सालचं सूत्र लावा: तेलाच्या बरणीतल्या मृत्यूची टक्केवारी वजा क ची टक्केवारी, भागिले १०० वजा क ची टक्केवारी, गुणिले १००. समजा घ मध्ये १७ मेल्या (८५ टक्के) आणि क मध्ये २ (१० टक्के). ८५ वजा १० म्हणजे ७५, भागिले ९०, म्हणजे खरा परिणाम सुमारे ८३ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या अळीनाशक चाचणीच्या मार्गदर्शिकेतही हीच मर्यादा आणि हेच सूत्र आहे. तिथे १०० ते २०० मिलिलिटर पाण्यात २५ अळ्या घेतात आणि प्रत्येक मात्रेच्या किमान चार बरण्या ठेवतात. घरी एकेक बरणी चालेल, पण निकालाबद्दल शंका असेल तर पुन्हा करा.

ज्या बरणीत सगळ्या किंवा २० पैकी १९ मेल्या, ती तुमची मात्रा. मोकळ्या जागेत वारा, ऊन, गाळ असतो, म्हणून तिथे त्याच्या एक पायरी वरची घ्या: ५० पुरली तर १००, १०० पुरली तर २००. च बरणीतही अळ्या जगल्या तर ते तेल सोडा, मात्रा वाढवत बसू नका.

*सावधान:* चाचणी संपल्यावर बरण्या गटारात ओतू नका. आधी उकळतं पाणी घालून उरलेल्या अळ्या मारा. क बरणीतले डास तुम्हीच वाढवले असं व्हायला नको.

टप्पा ७: प्रत्यक्ष वापर

संध्याकाळी करा. उन्हात तेल झपाट्याने उडतं आणि प्रकाशाने त्याचे घटक बिघडतात.

आधी पाच पळ्या पाणी पाच वेगवेगळ्या जागांतून काढा, प्रत्येक पळीतल्या अळ्या मोजा आणि वहीत लिहा. हा आकडा नसेल तर उद्याच्या आकड्याला अर्थ नाही. मग मिश्रण पुन्हा हलवून, ठरलेलं माप कडेकडेने ओता, मध्यभागी एकदम नको. काठीने हळूच ढवळा. वरून तेलाचे चकाकते डाग दिसायला लागले तर मिश्रण फाटलंय. थांबा आणि टप्पा ५ कडे परत जा.

मिश्रण त्याच दिवशी बनवून त्याच दिवशी संपवा. ठेवलेलं मिश्रण फाटतं आणि त्यातलं तेल उडतं.

२४ तासांनी पुन्हा त्याच पाच जागांतून पाच पळ्या. मग चौथ्या दिवशी पुन्हा. चौथाच दिवस का? तेलाचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो, त्यानंतर फुटलेल्या अंड्यांतल्या अळ्या सुखाने वाढायला लागतात. उष्ण हवेत त्यांना कोष व्हायला साधारण चार ते सात दिवस लागतात. चौथ्या दिवशी पाहिलं तर त्या अजून अळ्याच असतात आणि तेल चालतं. आठव्या दिवशी पाहिलं तर कोष झालेले असतात आणि तेल वाया.

वहीत एवढंच लिहा: तारीख, किती लिटर पाणी, किती मिलिलिटर मिश्रण, आधीच्या अळ्या, २४ तासांनंतरच्या, चौथ्या दिवसाच्या, आणि कोष दिसले का. मधे जोराचा पाऊस झाला तर पाणी पुन्हा मोजा. वाहून गेलेलं तेल परत येत नाही आणि वाढलेल्या पाण्यात उरलेलं पातळ होतं.

आकडे जुळत नसतील तर

२४ तासांनी अळ्या तितक्याच: मिश्रण फाटलं होतं किंवा पाणी कमी मोजलं. आधी मिश्रण तपासा.

२४ तासांनी मेल्या, चौथ्या दिवशी लहान लहान अळ्या: हे अपेक्षितच आहे. भिंत घासली होती का ते बघा आणि पुन्हा मात्रा द्या.

अळ्या नाहीत पण डास आहेत: कोष राहून गेले, किंवा डास दुसऱ्याच पाण्यातून येताहेत. आजूबाजूचं प्रत्येक साचलेलं पाणी बघा, अगदी बाटलीच्या बुचाएवढंही.

पहिल्या दोन वेळा चाललं, आता चालत नाही: तेलाची बाटली किती दिवस उघडी आहे? संत्र्याच्या सालीचं आणि तशी इतर तेलं हवेशी संयोग होऊन बदलतात. बाटली गडद काचेची, भरलेली, घट्ट बंद, थंड जागी हवी. अर्धी रिकामी झालेली बाटली लहान बाटलीत ओतून ठेवा. थर्मोकोल किंवा मऊ प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवू नका, काही तेलं ते विरघळवतात.

रोपं कोमेजली: तेल घातलेलं पाणी कुंडीत ओतलं गेलं असणार. लवंग आणि दालचिनीच्या तेलाने मुळं आणि पानं जळतात. कुंडीखालच्या ताटलीत तेलाऐवजी जाड वाळू भरा, पाणी वाळूत राहील आणि अळीला पोहायला जागा उरणार नाही.

आणि एकाच जागी तिसऱ्यांदा तेल ओतायची वेळ आली, तर सिरिंज खाली ठेवा आणि ती जागाच बंद करायला घ्या. बांबूचा बुंधा गाठीलगत कापा म्हणजे पोकळी राहणार नाही. टायरला खालून भोक पाडा. खड्ड्यात माती भरून धुमसा. गटाराला उतार करून द्या. ढोलीत वाळू भरायची तर आधी नीट वाकून बघा. आत पक्ष्याचं घरटं किंवा मधमाश्यांचं पोळं असेल तर तिला हात लावू नका, तिथे फक्त आठवड्यातून एकदा पळीने अळ्या आणि कोष काढत राहा.